चौकटीतले अर्धे गुण

दहावीचा निकाल लागला की सांगलीच्या विश्रामबागेत आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावर फ्लेक्स झळकतात. ९७.६०, ९८.२०, मधे पोराचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून निम्मी भावकी. त्याच फ्लेक्सखाली चहा घेणारं पंच्याहत्तरीचं कुणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या वेळची अकरावी मॅट्रिक म्हणजे आत्ताचं बी.ए. आख्ख्या गावात एकाला फर्स्ट क्लास मिळायचा." शेजारचा नातू विचारतो, "आजोबा, तुम्हाला संभाव्यता होती का?" आजोबांना नव्हती. वाद तिथंच अडकतो, कारण दोघांनीही समोरच्याचा पेपर कधी पाहिलेला नसतो.

म्हणून आधी पेपरच उघडावेत.

रुपये-आणे-पैचा कारभार १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला तेव्हापासून मोडीत निघाला. त्याआधीच्या शाळकरी गणिताच्या धर्तीवर एक उदाहरण घेऊ. गुळाचा भाव मणाला ३ रुपये ५ आणे ४ पै, तर ७ मण १२ शेर गुळाचे किती? रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. मणाचे ४० शेर. सरळमार्गी पोरगं सगळ्याच्या पै करायचं. तीन रुपयांच्या ५७६, पाच आण्यांच्या ६०, वरच्या ४, एकूण ६४० पै. मालाचे शेर केले की २९२. चाळीस शेरांना ६४०, तर शेराला १६ पै. २९२ गुणिले १६ म्हणजे ४६७२ पै. पुन्हा १९२ नी भागायचं, २४ रुपये येतात, उरतात ६४ पै, त्यांचे ५ आणे ४ पै. तोंडी हिशेबात मुरलेलं पोरगं मात्र आकडे बघताक्षणी ओळखायचं की ५ आणे ४ पै म्हणजे बरोबर रुपयाचा तिसरा हिस्सा. त्याचं गणित दोन ओळींत उरकायचं.

उदाहरण अवघड आहे, यात वाद नाही. पण ते अवघड झालंय एककांच्या गुंत्यानं. आत गणिती कल्पना एकच आहे, त्रैराशिक. दशमान पद्धत आली, गुंता सुटला, आणि त्याच्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी हे पाव, अर्धा, पाऊण, साडेतीनचे पाढेही शाळेतून गेले. याला दर्जा घसरला म्हणणं म्हणजे तराजू बदलला म्हणून मालाला नावं ठेवणं. या बदलात एक गोष्ट खरोखरच हरवली: आकड्याकडे बघून तो कशाचा कितवा हिस्सा आहे हे ताडण्याची सवय. ती सवय पाढ्यांनी लागत होती, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

आता आजचा दहावीचा बीजगणिताचा पेपर. ४० गुण, २ तास. रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर. या यादीवरून कुणी अभ्यासक्रम हलका झाला म्हणणार नाही. फरक प्रश्न विचारण्यात आहे. 'पुढील कृती पूर्ण करा' या मथळ्याखाली साधारण असा प्रश्न येतो:

क्ष² − ७क्ष + १२ = ०
क्ष² − ☐क्ष − ३क्ष + १२ = ०
क्ष(क्ष − ४) − ☐(क्ष − ४) = ०
(क्ष − ४)(क्ष − ☐) = ०
क्ष = ☐ किंवा क्ष = ३

चार चौकटी, प्रत्येकी अर्धा गुण. या गणितातली खरी मेख म्हणजे ७ ची फोड ४ आणि ३ अशी करायची हे स्वतःला सुचणं. ती फोड दुसऱ्या ओळीत अर्धी छापलेली आहे. ७ मधून ३ वजा करता आले की पहिली चौकट भरते. ते सुचलं नाही तरी खालच्या ओळीतला 'क्ष − ४' तोच आकडा पुन्हा सांगतो. शेवटच्या दोन चौकटी तर डोळ्यांनीच भरता येतात. वर्गसमीकरण म्हणजे काय हे न कळलेलं पोरगंही यात दीड-दोन गुण घेऊन उठतं. हेच गणित नुसतं 'सोडवा' म्हणून दिलं तर त्याच पोराची जागा कोरी राहते.

पण या चौकटींना सरसकट झोडपणंही बरोबर नाही. कोऱ्या जागेवरून शिक्षकाला काहीच कळत नाही, तर चौकटी भरलेल्या-चुकलेल्या बघून धागा नेमका कुठं तुटला ते दिसतं. वर्गात शिकवताना हे उत्तम हत्यार आहे. माझी हरकत एवढीच, की शिकवायचं हत्यार मोजायला वापरलं की माप फुगतं.

याच पेपरात दुसरी एक सवलत आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. 'कोणतेही दोन', 'कोणतेही चार' असे पर्याय धरून छापलेल्या सगळ्या प्रश्नांची बेरीज केली तर ती ६० येते आणि सोडवायचे असतात ४०. म्हणजे तिसरा हिस्सा सोडून द्यायची मुभा. एखादं प्रकरण पोराला अजिबात येत नसलं तरी ते झाकून जातं. संभाव्यता टाळून, श्रेढीतलं शाब्दिक उदाहरण टाळून नव्वदच्या घरात जाता येतं, आणि मग अकरावीत त्याच प्रकरणावर इमारत उभी करताना पाया नसल्याचं लक्षात येतं.

भूमितीत हा बदल आणखी जाणवतो. जुन्या लोकांच्या तोंडी 'रायडर' हा शब्द असतो. प्रमेय पाठ करून सुटत नाही असा, स्वतः रचना काढून, कुठली रेषा वाढवायची ते स्वतः शोधून सोडवायचा प्रश्न. प्रमेयं आजही आहेत, सिद्धताही विचारतात. पण सिद्धतेच्या पायऱ्या दिल्यात आणि कारणांच्या जागी चौकटी आहेत, असं झालं की शोधायचं काम संपतं, उरतं ते ओळखायचं काम.

मराठीच्या पेपराचं तर नावच बदललं, आता ती कृतिपत्रिका. लेखी ८० गुणांची वाटणी अशी: गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. गद्य-पद्याचा उतारा किंवा कविता कृतिपत्रिकेतच छापलेली असते. त्यावर आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी पूर्ण करा, आणि शेवटी स्वमत. पूर्वी 'संदर्भासहित स्पष्टीकरण' विचारायचे तेव्हा ओळ कुठल्या धड्यातली, कोण कुणाला म्हणालं, हे डोक्यातून काढावं लागे. पाठांतराचं ते ओझं गेलं, ते बरंच झालं. जुन्या पेपरात गाइडातली उत्तरं घोकून ओतणारे कमी नव्हते, आणि त्यांनाच हुशार म्हणायची पद्धत होती. न पाहिलेला उतारा वाचून त्यातलं शोधता येणं हे घोकंपट्टीपेक्षा कितीतरी वरचं कौशल्य आहे. पाठ्यपुस्तकातलाच, वर्षभर दळलेला उतारा दिला की मात्र ते कौशल्य मोजलं जात नाही.

मराठीत ९५ पडतात कसे, हा आजोबांचा खरा सवाल. त्याचं उत्तर पोरांच्या हुशारीपेक्षा गुणांच्या तुकड्यांत आहे. निबंध एकगठ्ठा २० गुणांचा असला की परीक्षक मनात एक छत धरून बसतो. फारच चांगला, १४. बरा, ११. वीसपैकी वीस द्यायला कुणाचा हात धजत नाही. तेच वीस गुण अर्ध्या-एका गुणाच्या तुकड्यांत वाटले आणि शेजारी नमुना उत्तर ठेवलं की प्रत्येक तुकडा एक तर बरोबर नाहीतर चूक. बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेच लागतात. त्याच पोराचे त्याच अभ्यासावर ६५ चे ८५ होतात आणि कुणी कुणाला फसवलेलं नसतं. उलट यात एक न्यायही आहे. जुन्या निबंधाला एक परीक्षक ९ द्यायचा, दुसरा १३. अक्षर वळणदार असलं, सुरुवातीला संस्कृत सुभाषित असलं, की काटा वर. माण नाहीतर जत असल्या दुष्काळी तालुक्यातल्या पोराची बोली लिखाणात उतरली की काटा खाली. तुकड्यांच्या गुणांत हा पक्षपात बराच कमी झाला.

आता तोंडी, अर्थात अंतर्गत गुण. सध्याची पद्धत ८० लेखी आणि २० अंतर्गत. गणितात हे वीस गृहपाठ, चाचणी असल्या गोष्टींवर, विज्ञानात प्रात्यक्षिकांवर, भाषांत श्रवण-भाषणावर. कागदावर कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात हे वीस गुण त्याच शाळेनं द्यायचे असतात जिच्या निकालाची टक्केवारी गावभर होणार असते. मग १८-१९ च्या खाली कुणाला जाऊ देणार? ३५ ला पास, त्यातले १८ हातात, म्हणजे लेखीत ८० पैकी १७ मिळवले की भागलं.

याचं वजन किती, ते २०१९ साली दिसलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले होते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, तो २०१९ ला ७७.१० वर आला. गहजब झाला, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात आख्ख्या महाराष्ट्रातली पोरं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं काही घडत नसतं. अर्थात सगळं खापर अंतर्गत गुणांवर फोडणंही चूक. २०१९ ला दहावीचं पुस्तकही नवं होतं, आणि नव्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षी निकाल थोडा खाली येणं स्वाभाविक. २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीनं गुण दिले गेले. एवढं सगळं वजा केलं तरी उरतं ते पुरेसं बोलकं आहे. आणि २०२१ चे ९९.९५ टक्के तर परीक्षाच न झालेल्या वर्षाचे, ते तुलनेत धरूच नयेत.

वरच्या टोकाला आणखी दोन गोष्टींनी टक्के वाढवले. २०१० पासून सहाऐवजी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात, म्हणजे सगळ्यात कच्चा विषय हिशेबातूनच जातो. वर खेळाचे आणि कलेचे सवलतीचे गुण. या दोन्हींमुळे शंभर टक्केवाले निघतात: २०१८ ला १२५, २०१९ ला २०, २०२० ला २४२, २०२५ ला २११. चित्रकलेच्या ग्रेडचे गुण मिळू नयेत असं कुणी म्हणणार नाही. पण ते गुण मिळवून झालेले १०० टक्के आणि गणित-विज्ञानाचे १०० टक्के फ्लेक्सवर एकसारखेच दिसतात.

इथपर्यंत वाचून आजोबांची बाजू जड वाटेल. आता दुसरं पारडं.

मॅट्रिक ही मुळात कॉलेजचं दार होती. मुंबई विद्यापीठानं १८५९ साली पहिली मॅट्रिक घेतली, रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्यासाठीच ती काढलेली. बाकीच्यांसाठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होती, आणि फायनल झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होत असे. पुढं राज्य मंडळ १९६६ साली स्थापन झालं, १९७५ पासून अकरावीच्या जागी दहावी आली, तरी मनातली कल्पना जुनीच राहिली: नापास करते ती खरी परीक्षा.

पण परीक्षेला बसत कोण होतं? १९६१ साली महाराष्ट्राची साक्षरता ३५ टक्क्यांच्या आसपास होती. २०११ ला सातारा जिल्हा ८२.८७ आणि सांगली ८१.४८ टक्क्यांवर होता. आजोबांच्या मॅट्रिकच्या वर्गात पोचायच्या आधीच गळती झालेली असायची. कुणी चौथीनंतर गुरांमागं, कुणी सातवीनंतर मुंबईला गिरणीत, मुली तर त्याही आधी. राहिलेल्यांतलीही कच्ची पोरं शाळा 'टेस्ट'ला अडवायच्या, फॉर्मच भरू द्यायच्या नाहीत. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काल्यात निघाली, १९२४ ला साताऱ्यात आली, तिनं आणि तिच्यासारख्यांनी खेड्यापाड्यात शाळा नेल्या तेव्हा कुठं हा वर्ग रुंदावला. आज राज्यात दहावीला पंधरा-सोळा लाखांच्या घरात पोरं बसतात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचं, ऐन शाळेच्या हंगामात चार महिने कारखान्याच्या तळावर काढलेलं पोरगंही त्यांत असतं. साठ सालच्या निवडक पोरांची सरासरी या सगळ्यांच्या सरासरीशी लावून 'घसरण' काढणं हा साधा हिशेबातला घोटाळा आहे.

शिवाय सगळ्याच परीक्षा सोप्या झालेल्या नाहीत. आमच्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत स्कॉलरशिपचं वेड जुनं. पूर्वी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ ला पाचवी-आठवीला गेली, आता परत चौथी-सातवीला आणताहेत. पाचवी-आठवीच्या पद्धतीत पाचवीच्या पोरापुढं दोन पेपर असत, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटं. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५०, दुसऱ्यात तिसऱ्या भाषेचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. एका प्रश्नाला ७२ सेकंद. आठवीला तर काही प्रश्नांची दोन उत्तरं बरोबर असत, दोन्ही रंगवली तरच गुण. झेडपीच्या शाळेत सकाळी सातला जादा तास घेणारे गुरुजी याच परीक्षेसाठी राबतात. ती उत्तम गुणांनी पास झालेलं अकरा वर्षांचं पोर काही बाबतींत दहावीच्या पेपरापेक्षा अवघड काम करून दाखवतं.

मग मधल्या वर्षांत काय होतं? शिक्षणहक्क कायदा आला आणि पहिली ते आठवी नापास करणं थांबलं. २०१०-११ पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. हेतू चांगला होता, पण त्यातला 'सातत्यपूर्ण' भाग नोंदवह्या भरण्यातच आटला. चौथीत राहिलेला भागाकार पाचवीत कुणी भरून घेतला नाही, तो तसाच नववीपर्यंत आला. बोर्डाच्या निकालाला डाग नको म्हणून काही शाळांनी चाळण नववीलाच लावली. नववीला अडकलेलं पोरगं मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देतं. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, त्यातून हे पोरगं वगळलेलं असतं. आता पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणल्यात. त्यातून नापासाला दोन महिन्यांत खरोखर शिकवलं गेलं तर उपयोग, नाहीतर नुसती आणखी एक चाळण.

पिढ्यांची तुलना करायचीच असेल तर दोन्ही काळांत सारखी असणारी गोष्ट मोजावी लागते. खेड्यांतल्या पोरांचं वाचन-गणित तपासणारं 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून हेच करतं: दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा वाचायला द्यायचा, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला सांगायचं. पाढे, उतारा, भागाकार, प्रश्न तेच ठेवायचे आणि वर्षं बदलू द्यायची. बोर्डाचा निकाल हे काम करूच शकत नाही, कारण त्यात पेपरही बदलतो, गुणांची वाटणीही आणि बसणारेही.

घरातल्या घरात एक खटपट करता येईल. यंदाचाच बीजगणिताचा पेपर घ्या. बहुपर्यायी प्रश्नांचे पर्याय खोडा. कृतींच्या पायऱ्या खोडून फक्त 'सोडवा' ठेवा. 'कोणतेही दोन' काढून सगळे प्रश्न सक्तीचे करा, म्हणजे ६० गुण होतील, वेळ ३ तास द्या. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण द्यायचे, नाहीतर आजोबांच्या बाजूला झुकतं माप जाईल. मूळ पेपरात ३६ म्हणजे ९० टक्के मिळवणारं पोरगं इथं किती टक्क्यांवर येतं, ते बघावं. जी पोरं थोडीच खाली येतात ती कुठल्याही काळात हुशार ठरली असती. जी धाडकन कोसळतात त्यांना आपण ९० टक्क्यांचं आहोत असं आतापर्यंत कुणीतरी खोटंच सांगितलेलं असतं.

खरी गोम इथं आहे. परीक्षेची कामं दोन: किमान एवढं येतं याची पावती देणं, आणि पुढं कोण जाईल ते निवडणं. बोर्डानं पहिलं काम पत्करलं आणि दुसरं हळूहळू सोडून दिलं. बारावीचे गुण इंजिनिअरिंगला आणि मेडिकलला आता किमान पात्रतेपुरते लागतात, निवड सीईटी आणि नीट करतात. निवड बोर्डाकडून निघाली आणि क्लासच्या दारात जाऊन बसली. सांगलीत, कराडात, साताऱ्यात दोन वर्षांच्या क्लासची फी किती होते ते ज्यांची पोरं विज्ञानाला आहेत त्यांना विचारावं. जुनी मॅट्रिक निर्दय होती, पण स्वस्त होती. बोर्डिंगात राहून, कमवा-शिका करून आटपाडी-खटावचं पोरगं शहरातल्या वकिलाच्या पोराबरोबर एकाच पेपराला बसायचं आणि त्या एकाच पेपरावर त्याला मागं टाकायचं. आजच्या दहावीत दोघांनाही ९३ पडतात. पेपर दोघांत फरक करत नाही, तो पुढं फी भरण्याच्या ऐपतीनं होतो.

बीजगणिताच्या पेपरात शेवटी पाचवा प्रश्न असतो, ३ गुणांचा, दोनांतला एक सोडवायचा. स्वतः विचार करायला लावणारा त्यातल्या त्यात हाच. पाठ करून सुटत नाही, चौकटी नाहीत. बहुतेक ठिकाणी पोरांना सांगून ठेवलेलं असतं, तो शेवटी बघायचा, वेळ उरला तर. चाळीसात तीन गुण म्हणजे सोडला तरी काही बिघडत नाही. हे तीन गुण दहा करावेत, पर्याय काढावा, आणि गुणपत्रिकेवर त्यांची वेगळी ओळ छापावी. पास-नापास त्यावर ठेवू नये, कुणाचं वर्ष वाया जाऊ नये. पण जतच्या पोराला क्लास न लावता आपलं वेगळेपण दाखवायला बोर्डाच्या कागदावर तेवढी जागा तरी असेल.